व्हॉल्व्हच्या पेटीतला आवाज

शेलूबाजारात जब्बारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान होते. धम्मरत्नने त्याच्या टेबलावर काचेच्या व्हॉल्व्हची जुनी प्रीअ‍ॅम्प्लिफायरची पेटी आणून ठेवली तेव्हा जब्बारच्या कपाळाला आठी पडली. आठच दिवसांपूर्वी ती पेटी त्याने दुरुस्त करून दिली होती.

"चाचा, कोणी घेणारा असंन तर पाहा."

"काहून? बिघडली काय?"

"चालते. पण आई म्हणते, आता लावूच नको."

पेटी धम्मरत्नच्या वडिलांची, शालिकरामची. गायन पार्टी घेऊन तो गावोगाव फिरे. माइक या पेटीला आणि पेटी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला, अशी त्याची जोडणी. तो मोठा अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच जळला होता. शालिकराम वारला त्याला आता वर्ष होत होते. कस्तुराबाईला नवऱ्याची एकुलती एक कॅसेट पूर्वीसारखी ऐकता यावी, म्हणून मुलाने नवा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि सगळे सामान जब्बारकडे आणले. तीही सोबत आली होती. आवाज ऐकून ती म्हणाली होती, "हा त्यायचा नाही. त्यायचा आवाज छातीतून ये."

त्यावर जब्बार हसला होता. "वहिनी, दोन्ही मशीन तपासले म्या. मशीन खोटं बोलत नाही. आपली उमर झाली, कानाचा काय भरोसा?"

"आता काय म्हणते वहिनी?" जब्बारने विचारले.

"'मलेच नीट आठवत नसंन,' असं म्हणते. पहिले रोज बाबाच्या गोष्टी सांगे. आता अर्ध्यात थांबते अन् मले विचारते, असंच झालतं न रे? मी तवा कुठं होतो, चाचा?"

जब्बारने पेटी ठेवून घेतली, सोबत आणलेले नवे यंत्रही. धम्मरत्न गेल्यावर त्याने प्रथमच दोन्ही यंत्रे जोडलेल्या अवस्थेत मीटर लावला. त्या दिवशी त्याने जुनी पेटी एकटी तपासली होती, नवा अ‍ॅम्प्लिफायर मोबाइल लावून तपासला होता. दोन्ही निर्दोष निघाल्यावर केबल जोडून तो मोकळा झाला होता. आता केबल जोडताच पेटीचा आवाज मीटरवर पाव हिश्श्यावर आला. केबल काढली की पुन्हा वर. ती पेटी हलक्या ओझ्यासाठी बांधलेली होती. नव्या अ‍ॅम्प्लिफायरचे ओझे तिला पेलत नव्हते. त्यात खर्ज तर शेवटच्या छोट्या कंडेन्सरपाशीच अडत होता. शालिकरामच्या गळ्याचा तेवढा वरचा पापुद्रा बाहेर येत होता. बाईचे कान बरोबर होते.

एका दुहेरी व्हॉल्व्हचा अर्धा भाग पेटीत बिनकामाचा होता. तो वापरून जब्बारने मध्ये ओझे पेलणारा एक टप्पा बांधला, कंडेन्सर मोठा घातला. दोन दिवस गेले. जब्बारच्या निरोपावरून धम्मरत्न सामान न्यायला आला, तेव्हा जब्बारने त्याला आपली चूक सांगितली.

"मी सांगतो न आईले, वायर ढिला होता म्हणून."

"वायर ढिला नव्हता," जब्बार म्हणाला. "मी येतो."

कामरगावला धम्मरत्नच्या घरी त्याने स्वतः जोडणी केली. कॅसेट सुरू झाली. शालिकरामचा आवाज भिंतीपर्यंत भरून आला, ढोलकीची थाप जमिनीतून जाणवली. कस्तुराबाई दारातच बसून होती.

"वहिनी?"

"मले नका विचारू, जब्बारभाऊ. तुमीच सांगा, त्यायचा हाय का नाही ते."

जब्बारने टेप बंद केला. "तुमी त्या दिवशी खरं बोलल्या होत्या. चूक माही होती. जोडून तपासलंच नाही म्या, वरतून तुमचीच मस्करी केली."

तिने पदराने तोंड पुसले. "दहा दिवस," ती सावकाश म्हणाली, "त्यायचं जे जे आठवे, ते खोटंच असंन म्हणून मी पुसत राह्यली. अन् ह्या पोरानं एकदाही म्हटलं नाही का, आई, तुले खरं आठवते."

धम्मरत्न मान खाली घालून उभा राहिला.

"लाव परत," ती म्हणाली. मग स्वतःच हाताने अडवले. "थांब जरा. हे गाणं त्यायनं रिठद गावाले म्हटलं होतं. लाकडाच्या पाटावर उभे होते. बाजूले..." ती थांबली. तिची नजर सवयीने मुलाकडे गेली. तेव्हा तिथे नसलेला धम्मरत्न 'हो' म्हणायला गेला. जब्बारने त्याच्या दंडावर हात ठेवला.

तिला पुढचे आठवते का, याची वाट पाहत दोघे उभे राहिले.