खंडेनवमीचा स्वच्छ अहवाल

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका विमा कंपनीत ऋता कित्येक वर्षं एकच काम करत होती. कंपनीच्या संगणकांत चोराला शिरायला कुठे फट राहिली आहे ते शोधायचं आणि ती बुजवेपर्यंत लोकांच्या मागे लागायचं. असं माणूस ऑफिसात कुणालाच आवडत नाही. त्यात तिचे साहेब श्यामकांत यांनी मोठ्या हौसेने एक तपासनीस यंत्र आणलं. ते म्हणे आपोआप प्रत्येक संगणकाचं दार ठोठावून दोषांचा अहवाल देणार. मग ऋताचं काय, हे साहेब बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षाच्या आराखड्यात तिचं नाव नव्हतं, आणि घरात कमावणारी ती एकटी.

पहिली तपासणी साहेबांनी दसऱ्याला ठेवली, म्हणजे सुट्टीत कामाचा खोळंबा नको. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा असते हे मात्र विसरले, आणि पूजेचे यजमान तेच! मागे एकदा चालू सर्व्हरच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या जाऊन त्याची वाट लागली होती. तेव्हापासून पूजेआधी सगळी यंत्रं बंद करायची आणि दसऱ्याला त्यांना विश्रांती द्यायची, असा रिवाज पडला होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने बटणं बंद केली, हळदकुंकू वाहिलं. तपासनीस यंत्र नवं म्हणून त्याच्यापुढे नारळ वाढवला आणि तेवढं चालू ठेवलं. ऋता मध्येच काही सांगू लागली तर म्हणाले, आधी प्रसाद घे.

दसराभर ते यंत्र बिचारं दारं ठोठावत बसलं. आतून कोणी ओ देईना, म्हणून त्याने सगळ्यांना निरोगी ठरवलं. एकही दोष नाही! संचालकांनी साहेबांना डोक्यावर घेतलं आणि विचारलं, आता या बाईंची गरज काय?

ऋता तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, सगळं बंद होतं. बंद संगणकात दोष सापडणार कसा?"

साहेबांचा चेहरा उतरला. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या एका सुट्टीला तपासणी आहे गं," ते म्हणाले. "तेव्हा तर खंडेनवमी नाही. दर महिन्याला एक पूजा घालू या. तुझी नोकरी पक्की समज. तू बघशील ना सगळं?"

ऋताला इतका संताप आला की राजीनामा तोंडावर फेकावासा वाटला. मग घर आठवलं. ती हो म्हणाली.

आता तपासणीच्या आदल्या दिवशी ती पार्ल्याच्या बाजारातून झेंडू घेऊन येते, एकेक बटण बंद करते, हळदकुंकू वाहते. अहवाल दर वेळी स्वच्छ येतो, आणि तिच्या टेबलावर सुरक्षा प्रमुख अशी पाटी लागली आहे. फटी मात्र जिथल्या तिथे आहेत. त्या कुठे आहेत ते ऋताला तोंडपाठ आहे, पण आता तिला ते कोणी विचारत नाही.