मागचं मडगार्ड

पाऊस सुरू झाला की कडूबा सायकलची दोन्ही मडगार्डं खोलून माळ्यावर टाकायचा. गावात सगळेच टाकायचे. तिथली काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्या मधे अशी ठासून बसायची, की शेवटी माणसालाच सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागायचं. पावसाळ्यात मडगार्ड मिरवणाऱ्याला गाव सरळ येड्यात काढायचं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या साली कडूबाची थोरली, कांता, मास्तरीण झाली. बौद्धवाड्यातली पहिलीच. सोमवारी अकराच्या आत शाळेत हजर व्हायचा हुकूम हातात पडला तेव्हा कडूबाने तो तिघांकडून वाचून घेतला. पोरीवर भरवसा नव्हता असं नाही, पण एवढी गोड गोष्ट एकदाच ऐकून भागतं का?

शाळा वडीगोद्रीच्या पुढे सहा मैल, थेट डांबरी सडकेवर. गावापासून वडीगोद्रीपर्यंत मात्र तीन मैल नुसता चिखल. मालनबाईने लेकीचं पांढरंशुभ्र पाचवारी पातळ नीळ देऊन, खळ घालून ठेवलं होतं. निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "डाग पडू दिऊ नका. लोकं आधी इचारतेत कोणाची, मंग बघतेत कशी." कडूबाला हे सांगायची गरज नव्हती. नवी मास्तरीण चिखलाने भरून आली, तर तो चिखल पावसाचा आहे असं म्हणणारे थोडेच निघाले असते.

कांता जुनं लुगडं खोचून, सायकल ढकलणाऱ्या बापामागे अनवाणी चिखल तुडवत आली. वडीगोद्रीत तिने पंपावर पाय धुतले आणि धर्मशाळेच्या आडोशाला पातळ नेसली. एसटी ओढ्याला पाणी आल्यामुळे मागेच, शाळेच्या उलट बाजूला अडकलेली. "अडकू दे," कडूबा म्हणाला, "आपली गाडी हाय की." पाऊस थांबला होता. लेक मागे कॅरियरवर बसली आणि बापाने ऐटीत टांग मारली.

फर्लांगभर गेले नसतील, तोच कांता ओरडली, "दादा, थांबा! थांबा जल्दी!"

कडूबा उतरून बघतो तर काय, पातळावर मागच्या बाजूने कमरेपासून खांद्यापर्यंत करड्या शिंतोड्यांची रांग उठली होती. डांबरी सडकेवर माती चिकटत नाही, पाणी उडतं, आणि चाकावर मडगार्ड नसलं की ते सरळ बसणाऱ्याच्या पाठीवर जातं. गावात शहाणपण ठरलेली गोष्ट तीन मैलांवर येडेपणा ठरली होती. पावसाळ्यात डांबरी सडकेवर जायचं कडूबाला कधी कामच पडलं नव्हतं.

"मीच घाण केली गं," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना.

"दादा, मी चालत जाते."

"सहा मैल? अकरा वाजेपोतर?"

दोघं मागे फिरले. सडकेच्या तोंडालाच बद्रीनाथचं सायकलचं दुकान होतं, मागच्या बाजूला घर. कडूबा पायरीखालीच उभा राहिला. त्याचा बाप अशा घरांच्या अंगणाच्या पुढे कधी गेला नव्हता आणि पायांना तेच वळण होतं. बद्रीनाथने सायकलकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं बाबा, मडगार्ड काढून डांबरीवर चाललास व्हय? अगं ए, बाहेर ये!"

त्याची बायको सगुणाबाई हात पुसत आली. कांताने चाचरत सांगितलं, की आज पहिलाच दिवस आहे. सगुणाबाईने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. तिने पोरीचा हात धरला आणि आत नेलं, थेट स्वयंपाकघरात, चुलीपाशी. कडूबा पायरीखालूनच उघड्या दारांतून बघत राहिला. बाईने पाठीवरचा तेवढाच भाग पाण्याने चोळून काढला आणि तांब्यात निखारे भरून त्यावर फिरवू लागली. "हालू नको बाई, चटका बसंल," ती म्हणत होती, अगदी आपल्या पोरीला म्हणावं तसं.

इकडे बद्रीनाथने स्वतःच्या सायकलचं मागचं मडगार्ड खोललं आणि कडूबाच्या सायकलला आवळलं. पुढचंही खोलायला बसला, तर कडूबाने हात धरला. "पुढचं ऱ्हाऊ द्या भाऊ, टाइम न्हाई. पुढचं उडलं तर माझ्याच अंगावर उडंल."

आणि उडालंच. सहा मैलांत तो पुरता भरला, नाकाचा शेंडासुद्धा सुटला नाही. अकराला दहा कमी असताना कांता शाळेपुढे उतरली. कडूबाने तिला गोल फिरवून बघितलं. एक ठिपका नव्हता. हेडमास्तर दारात आले, "या बाई," म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. आपल्या लेकीला कुणी अहोजाहो करताना कडूबा पहिल्यांदाच ऐकत होता. तो लिंबाखाली तसाच ठिबकत उभा राहिला, आणि त्याच्या मनात सारखी ती चुलीपुढची बाई येत होती. तिचे उपकार कसे फेडायचे, हे काही त्याला सुचेना.

शाळा सुटल्यावर तो लेकीला घेऊन वडीगोद्रीला आला तेव्हा सगुणाबाई दुकानाच्या पायरीवरच उभी होती.

"वैनी, पोर कोरडी पोचली," कडूबा म्हणाला. त्याला आणखी बरंच बोलायचं होतं. त्याने मडगार्ड सोडवायला पाना मागितला.

"ऱ्हाऊ दे," बद्रीनाथ म्हणाला. "पोर काय एकच दिवस शाळेत जाणार हाय का?"

सगुणाबाईने कांताला पुन्हा आत नेलं. मधल्या खोलीत तिच्या स्वतःच्या लुगड्यांशेजारी भिंतीत एक नवी खुंटी ठोकलेली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "उद्यापास्नं धर्मशाळेत जायचं न्हाई. चिखलाचं लुगडं हितं टांगायचं, पातळ हितं नेसायचं. खुंटी तुझी."