तांबड्या झऱ्यावरचा काळा रोग

झऱ्यापाशी मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. लंगडे आले होते, खोकणारे आले होते, आणि काहीच न झालेले तर सगळ्यांच्या पुढे होते. बिओबिओ नदीच्या पल्याड मापुचे नावाच्या मूळ रहिवाशांचा मुलूख, अल्याड स्पेनच्या राजाचा. आणि या अल्याडच्या खडकावर उभा राहून फुल्हेन्सिओ नावाचा वैदू आपली छापील पोथी वाचत होता. मापुचेंनी त्याला पल्याड कैदेत ठेवल्याची कहाणी! दर रविवारी कैद वर्षा-वर्षाने लांबत होती, अंगात घुसलेले बाणही वाढत होते.

"बाण काढला कुणी? या पाण्यानं! या, थुंका!

काळं गेलं, दुखणं गेलं,
तांबड्या पाण्यानं पोट धुतलं!"

आलेल्याला आधी येर्बा नावाच्या पाल्याच्या कढत काढ्याने भरलेली भोपळ्याची तुंबडी मिळे. त्यात नवल काय? त्या मुलखात पाहुण्याला तुंबडी न देणं म्हणजे दार लावून घेणं. उपासालाही येर्बा चालते; ती कुणी खाण्यापिण्यात धरतच नाही. मग चूळ भरून झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या परातीत थुंकायचं. पाणी काळं पडे, गर्दी हंबरडा फोडे.

"रोग बाहेर पडला! थुंकी पांढरी होईतो अन्न वर्ज्य. फक्त पाणी. आणि येर्बा, अर्थात," फुल्हेन्सिओ सांगे.

लोकांनी सोबत आणलेली, आता वर्ज्य झालेली कोंबडी मग फुल्हेन्सिओच खाई. पाद्री आन्सेल्मो धडधाकट माणूस, पण तेही काळं थुंकले आणि तेव्हापासून जुनी पापं आठवत बसले होते.

गावातल्या उबाल्दाच्या नवऱ्याला, मेल्चोरला, साधा खोकला होता. आता उपासाने उठून उभं राहायला तो भिंत धरत होता.

"आज जरा फिकट पडलं गं, नाही?"

"फिकट तू पडलायस. पाव खा."

"काळं थांबल्यावर."

उबाल्दा लहानपणी खरीच पल्याडच्या कैदेत राहून आलेली. पण तिच्याकडे छापील पोथी नव्हती. तिने फुल्हेन्सिओला पहिल्याच दिवशी मापुचेंच्या बोलीत विचारलं होतं, "जेवलास का?" त्याने हात जोडून "आमेन" म्हटलं होतं. लोक मात्र म्हणाले, "तिकडची करणी हिलाच ठाऊक असायची." तेव्हापासून ती गप्प होती.

परवा मेल्चोरने झऱ्याचं पाणी घरी आणलं. तिने त्यातच येर्बा उकळली, आणि भांड्यात शाई झाली. भांड्याला कुठला खोकला?

आज ती गर्दी कापत पुढे गेली. परात ओतून टाकली, झऱ्याचं ताजं पाणी भरलं आणि फुल्हेन्सिओची तुंबडी त्यात उपडी केली.

पाणी काळं पडलं.

"अगं बाई, तुंबडीलाच रोग!" कुणीतरी ओरडलं.

"कुणाचा तरी उतरला असेल तिच्यात!" फुल्हेन्सिओ म्हणाला.

"मग तुंबडीलाच उपास घाला! आणि कोंबडी आम्हाला द्या!" गर्दीतून आवाज आला.

"पल्याडची चेटकीण आहे ही!" फुल्हेन्सिओ किंचाळला. गर्दी क्षणभर बिचकली. उबाल्दा हटली नाही.

"पाद्रीबाबा, येर्बा न पिता थुंका. मी आणलेल्या आपल्या विहिरीच्या पाण्यानं चूळ भरा आधी. खळखळून."

पाद्रीबाबांनी मन लावून चूळ भरली. मग परातीत भरलेल्या झऱ्याच्या नव्या पाण्यात थुंकले. पाणी जसंच्या तसं. त्यांचा चेहरा असा उजळला, की सगळी पापं त्याच घडीला माफ झाली असावीत.

"झऱ्यात लोखंड आहे," उबाल्दा म्हणाली. "खडकावरचा तांबडा गंज दिसत नाही का? लोखंडाला येर्बा भेटली की काळं होतं. एवढंच. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, ओता, बघा. जे कुणी सांगेल, ते आधी करून बघा."

फुल्हेन्सिओ पोथी काखोटीला मारून उताराला लागला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मेल्चोर खुरडत पुढे आला. त्याने स्वतःच्या हाताने परात भरली, दुसऱ्याची तुंबडी मागून घेतली, चार थेंब सोडले. वाकून काळं पडलेलं पाणी बघितलं.

मग त्याने बायकोपुढे हात पसरला.

"पाव आणलायस ना गं?"