दौंडच्या टॉकीजमधली हाऊसफुल्लची पाटी

मित्रांनो, मला आयुष्यभर एकच शब्द बोलता आला. तो शब्द म्हणजे 'हाऊसफुल्ल'. दौंडला बापूसाहेबांचं टॉकीज होतं, त्याच्या तिकीटखिडकीवर टांगायची मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तुमच्यापैकी काहींनी अशी पाटी पाहिलीही नसेल. आत एकही खुर्ची रिकामी उरली नाही की ती बाहेर लावायची, म्हणजे लांबून आलेल्या माणसाला उगीच रांगेत उभं राहावं लागत नाही. एवढंच माझं काम होतं.

माझा जन्म शिरूरचा. ज्ञानू पेंटर नावाच्या माणसाने सागाच्या फळीला लाल रंगाचे दोन हात दिले आणि वर पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली. 'हाऊसफु' पर्यंत तो ऐसपैस लिहीत गेला आणि शेवटच्या जोडाक्षराला जागा उरली नाही. मग ते त्याने कोपऱ्यात बारीक करून बसवलं. बापूसाहेब मला न्यायला आले तेव्हा ते म्हणाले, "ज्ञानू, शेवटाला पाटीच हाऊसफुल्ल झाली की रं." आणि ते मोठ्याने हसले. शुभशकुन मानून त्यांनी मला तसंच नेलं.

ती नव्वद सालानंतरची वर्षं होती. टॉकीज जोरात चालायचं. रेल्वे कॉलनीतले लोक ड्युटी संपवून यायचे, आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरून यायचे. मी पहिल्यांदा खिडकीवर चढले त्या दिवशी बापूसाहेबांनी मला हार घातला आणि हळदीकुंकू लावलं. मला पाहून लोक हळहळायचे, पण कुणी शंका घ्यायचं नाही. पाटी लागली म्हणजे जागा नाही, इतका माझ्या शब्दाला मान होता.

मग घरोघरी केबल आली. सीडी आल्या. माझं बाहेर निघणं कमी होत गेलं आणि शेवटी मला खिडकीच्या खोलीत, भिंत आणि टेबल यांच्या फटीत खुपसून ठेवलं गेलं. माझं तोंड भिंतीकडे होतं. समोर चुन्याचे पोपडे, आणि पाठीमागे करुणाबाईंचा आवाज, एवढंच माझं जग उरलं.

करुणाबाई तिकिटं द्यायच्या. त्या टॉकीजमागच्याच वस्तीत राहायच्या. आवाज हळू होता, पण बोलणं स्पष्ट. वरच्या खोलीत मशीन चालवायला दावीदमामा होते. चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि टॉकीजमध्ये चित्रं, म्हणजे सिनेमे, दाखवायचे. टॉकीजची सगळी माणसं गळत गेली तरी ही दोघं टिकून होती.

दोन हजार पाच सालच्या दिवाळीच्या सुटीत बापूसाहेबांनी एक वेगळंच चित्र आणलं. ते हाताने काढलेल्या, हलणाऱ्या माणसांचं होतं. परदेशातलं, पण हिंदीत बोलणारं. त्यात एक अचाट शक्तीचं कुटुंब होतं. बाप फुंकरीने वणवा विझवायचा, मुलगी पाण्यावरून धावायची आणि आजी भिंतीतून आरपार जायची. शहरात ते चांगलं चाललं होतं म्हणे. पण दौंडात मोठी माणसं पोस्टर पाहून म्हणायची, "कार्टून हाय. ते तर टीव्हीवर फुकट लागतंय."

शुक्रवारी पहिला खेळ लागण्याआधी बापूसाहेब खिडकीच्या खोलीत येऊन बसले. दावीदमामांनाही त्यांनी खाली बोलावलं.

"दोघं ऐकून घ्या," ते म्हणाले. "वरवंडचा एक व्यापारी कांद्याच्या गोदामाला जागा मागतोय. हे चित्र चाललं तर टॉकीज ऱ्हाईल. न्हाई चाललं तर येता सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी मी चाव्या देऊन टाकणार."

दावीदमामा वर मशीनकडे गेले. थोड्या वेळाने खेळ सुरू झाला. आत मोजकीच माणसं होती, मागच्या रांगाही भरल्या नव्हत्या. बापूसाहेब आत डोकावून आले आणि म्हणाले, "करुणाबाई, पाटी काढा बाहेर."

"कंची पाटी, साहेब?"

"हाऊसफुल्लची."

"पण आत तर सगळं रिकामं हाय."

"बाहेरच्याला आतलं काय दिसतंय? गर्दी हाय म्हणलं की गर्दी येती. गेल्या वर्षी मारामारीच्या चित्राला हेच केलं, दुसऱ्या दिवशी लोक दारात उभे होते का न्हाई? लावा."

मित्रांनो, कित्येक महिन्यांनी मला उजेड दिसला. करुणाबाईंनी पदराने माझी धूळ पुसली तेव्हा मला आनंदच झाला. पण साखळी आकड्यात अडकली, मी खिडकीवर लोंबकळू लागले, आणि मागच्या भिंतीतून आतला रिकामा आवाज मला ऐकू आला. भरलेल्या टॉकीजचा आवाज जाड असतो. हा पोकळ होता. चित्रातली माणसं बोलत होती आणि त्यांचं बोलणं भिंतींवर आपटून परत येत होतं.

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्यापाशी एकच शब्द होता, आणि तोच खोटा होता.

बापूसाहेबांचा हिशोब मोठ्यांच्या चित्राला लागू पडला असेल. तरुण पोरं आज जागा नाही म्हटलं की उद्या हट्टाने येतात. पण या चित्राला येणार होती लेकरं. त्यांना कुणीतरी आणावं लागतं. आणणाऱ्याने रजा काढलेली असते, एसटीची वेळ धरलेली असते. ते एकदा परत गेले की गेले. मी खिडकीवरून हे पाहत होते. एक आई दोन मुलींना घेऊन आली, तिने मला वाचलं आणि मुलींना आइसकांडी देऊन परत नेलं. रेल्वेतले एक गार्ड गणवेशातच नातवाला खांद्यावर घेऊन आले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते स्टेशनकडे वळले. शनिवारी तेच झालं, रविवारीही तेच. ज्यांना आत जायचं होतं त्यांनाच मी दारातून परत पाठवत होते. आणि दर खेळाला आतली माणसं कमी होत होती.

"पडलं चित्र," बापूसाहेब म्हणाले. पण माझी साखळी त्यांनी सोडली नाही.

मंगळवारी दुपारी मांडवगण फराटा या गावाहून एक टेम्पो आला. त्यात दाटीवाटीने पोरं बसली होती. त्यांना घेऊन आले होते म्हाळूआबा. धोतर, टोपी, आणि हातात पाण्याचा कॅन. त्यांची नात भाग्यश्री सगळ्यांत आधी खाली उतरली आणि खिडकीसमोर उभी राहिली.

"काय लिव्हलंय गं?" आबांनी विचारलं.

"भरलंय म्हणून लिव्हलंय, आबा."

आबा खिडकीपाशी आले आणि वाकून आत म्हणाले, "बाई, पोरं खाली बसतील. उभी ऱ्हातील. पर तेवढी आत घ्या. उद्यापासनं टेम्पो उसाला लागतोय. मला परत आणायला जमायचं न्हाई."

करुणाबाईंनी मागे पाहिलं. बापूसाहेब खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आता ह्या पोरांना आत घेतलं असतं तर त्यांना रिकाम्या खुर्च्या दिसल्या असत्या.

"जागा न्हाई, आबा," करुणाबाई म्हणाल्या.

आबांनी वाद घातला नाही. "चला रं," एवढंच म्हणाले. पोरंही रडली नाहीत. ती एकामागून एक टेम्पोत चढली. भाग्यश्री मागच्या फळीला धरून उभी होती आणि माझ्याकडेच पाहत होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या नजरेपुढून मला कुठेतरी लपायचं होतं, पण साखळीने बांधलेल्या पाटीला मान खाली घालता येत नाही.

टेम्पो सुरू झाला. तेवढ्यात खिडकीच्या खोलीचं दार वाजलं. करुणाबाई बाहेर आल्या, त्यांनी मला आकड्यातून ओढून काढलं आणि काखेत मारून त्या रस्त्यावर पळत सुटल्या.

"आबा, थांबा. थांबा जरा."

टेम्पो वळणावर थांबला. आबांनी डोकं बाहेर काढलं.

"आत जागा हाय," करुणाबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळं टॉकीज मोकळं हाय."

"अवं, पर पाटी लावलीय की तुम्ही."

"पाटी खोटी हाय, आबा. मीच लावली व्हती. उतरा, अजून चित्र सुरू व्हायचंय."

हे वाक्य मी त्यांच्या काखेत दबून ऐकलं. 'पाटी खोटी हाय.' ते ऐकून मला वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं. पोरं उड्या मारत खाली उतरली आणि आत पळाली. आबा मात्र करुणाबाईंकडे क्षणभर पाहत राहिले. "पोटासाठी करावं लागतं काय काय," ते म्हणाले आणि पोरांच्या मागे गेले.

बापूसाहेब दारातच उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. मला करुणाबाईंच्या हातातून घेतलं, आपल्या ऑफिसात नेलं, लोखंडी कपाटात उभं केलं आणि कुलूप लावलं.

"आता पाटी लागंल ती माझ्या हातानं," ते म्हणाले.

"मी उद्या यायचं का न्हाई, साहेब?" करुणाबाईंनी विचारलं.

"रविवारपर्यंत या. त्यानंतर टॉकीजच न्हाई, तर तुम्हाला काढायचं कशाला."

चावी त्यांच्या खिशात गेली. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या मला रेटत होत्या. मला हलायला जागा नव्हती. पण कपाटाची पाठ टॉकीजच्या भिंतीला टेकलेली होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. त्या दुपारी मांडवगणची पोरं हसत होती. आजी भिंतीतून आरपार गेली तेव्हा तर त्यांनी खुर्च्या बडवल्या. मी अंधारात उभी राहून ऐकत होते. मलाही त्या आजीसारखं जाता आलं असतं, तर मी पहिल्या रांगेमागे जाऊन उभी राहिले असते.

बुधवारी आवाज थोडा वाढला. गुरुवारी आणखी. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळत गेलं. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर करुणाबाई उभ्या राहिल्या होत्या आणि बायकांना म्हणाल्या होत्या, "लेकरांना घिऊन या. पाटी दिसली तरी मला येऊन इचारा, मी खरं सांगंन." दावीदमामांनी चर्चमध्ये, घरोघरी, सगळीकडे सांगितलं होतं. आणि मांडवगणच्या पोरांनी गावभर सांगितलं, ते तर कुणालाच थांबवता आलं नसतं. टॉकीजच्या आवारात पोरं भिंतीवर जाऊन धडकायची, आजीसारखं आरपार जायला. दोघातिघांच्या कपाळाला टेंगळं आली, अशी दावीदमामांची तक्रार होती.

रविवारी बापूसाहेब गोदामाचं ठरवायला वरवंडला गेले. दुपारच्या खेळाला मागचा आवाज हळूहळू जाड होत गेला. खुर्च्या पडल्याचे, लेकरांना हाका मारल्याचे, पायऱ्यांवर बसल्याचे आवाज. मग करुणाबाई आणि दावीदमामा ऑफिसात आले.

"एकही खुर्ची न्हाई, मामा. बाहेर अजून रांग हाय. पाटी पायजे."

"चावी साहेबांच्या खिशात." दावीदमामांनी कुलूप हलवून पाहिलं. "तोडू का?"

माझ्या अंगात जीव असता तर मी कपाटाला धडका मारल्या असत्या. इतक्या वर्षांनी माझा शब्द खरा झाला होता, आणि मी कुलपाआड होते.

"नको," करुणाबाई म्हणाल्या. "मी तोंडानं सांगती."

त्या बाहेर गेल्या. प्रत्येकाजवळ जाऊन त्या सांगत होत्या, "आत जागा न्हाई. सहाच्या खेळाला घेती तुम्हाला." आणि लोकांनी ऐकलं. कुणी म्हणालं नाही की दाखवा बघू. ते आवारात पटकूर टाकून बसले, डबे सोडले, लेकरांना लिंबाच्या सावलीला निजवलं.

बापूसाहेब संध्याकाळी आले. आवारातून ऑफिसपर्यंत यायलाही त्यांना वाट काढावी लागली.

"एवढी माणसं. पाटी का न्हाई लावली?"

"कपाटात हाय, साहेब."

त्यांनी घाईने चावी काढली. ती कुलपात शिरली, फिरली. फटीतून उजेडाची एक रेघ माझ्या शेवटच्या बारीक अक्षरावर पडली. तेव्हा करुणाबाई म्हणाल्या, "साहेब, आता लावून उपेग न्हाई. आठवडाभरात सगळ्या गावाला ठाऊक झालंय की पाटी खोटी असती. ती बघितली तर लोक म्हणतील, आत मोकळं हाय, चला."

भिंतीपलीकडे पोरं टाळ्या वाजवत होती. मग कपाटाचं दार पुन्हा लागलं आणि उजेडाची रेघ गेली.

बापूसाहेबांनी सोमवारी चाव्या दिल्या नाहीत. ते चित्र दौंडात आठवड्यामागून आठवडा चाललं. करुणाबाईंना त्यांनी काढलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त खिडकीच्या खोलीतली आपली खुर्ची उचलून नेली आणि पुन्हा कधी तिथे बसले नाहीत. टॉकीज आणखी काही वर्षं तगलं. भरल्या खेळाला करुणाबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, आणि लोक ऐकायचे.

मला मात्र कुणी बाहेर काढलं नाही. टॉकीज विकलं गेलं तेव्हा कपाट सामानासकट सणसवाडीला गेलं, कंपनीतल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या एका खोलीत. कपाटाचा एक कप्पा मोडला होता, तिथे फळी म्हणून मला आडवं घातलं. अक्षरं खाली, पाठ वर. दर सहा महिन्यांनी नवे भाडेकरू येतात. माझ्यावर डबे ठेवतात, कपडे ठेवतात. मी काय आहे ते कुणाला माहीत नाही. रंग अजून पक्का आहे, लाकडालाही कीड नाही. पण दोन्ही बाजूंनी मी कपाटाच्या पत्र्याला स्क्रूंनी आवळलेली आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुम्हीही कधी पाटी लिहाल. दुकानाची असेल, शाळेची असेल, दारावर लावायची असेल. ती चांगल्या अक्षरात लिहा, वेळच्या वेळी पुसा, उन्हापावसात टाकू नका. आणि तिच्यावर जे लिहाल ते खरं आहे ना, एवढं टांगण्याआधी बघा. आम्हाला स्वतःहून खाली उतरता येत नाही.