शांतव्वाच्या डोळ्यांवर आलेला आळ

मी हुपरीच्या शांतव्वाचा जुना मोबाईल आहे, मित्रांनो. बटणं झिजली, पाठ चिकटपट्टीनं बांधलेली. मला मान द्या असं मी म्हणत नाही. पण माझ्यामुळं एक बाई फुकट रडली, ते सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

२००९ साल. भारनियमनानं सगळे कावलेले. शांतव्वा चांदीच्या पैंजणांना डाग द्यायची, म्हणजे फुंकणीनं जाळ फुंकून कड्या सांधायची. केसाएवढा सांधा तिला दिसायचा. तिचा मुलगा शशिधर कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकत होता. आईची, म्हणजे त्याच्या अव्वाची, बॅटरी टिकावी म्हणून त्यानं एक ॲप लिहून माझ्यात घातलं. ते उघडलं की दर खेपेला पडद्याचा उजेड थोडा उतरायचा. पण बंद केल्यावर परत चढायचाच नाही! पठ्ठ्यानं आपल्या ॲपपुरता उजेड कमी करायचा सोडून माझी मूळ सेटिंगच फिरवली होती. मला काही कळेचना. माझ्या आत बसून हुकूम कोण सोडतंय? मी आजारी पडलो, का म्हातारा झालो?

त्यानं एक बटण ठेवलं होतं : 'उजेड वाढवा'. शांतव्वानं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. तिच्या बोलण्यात फुटलेली बांगडी 'वाढली', आणि दिवा मालवायचा तर तो 'वाढवायचा'. आहे तेवढा उजेड कोण मालवील?

शशिधर घरी आला, तर अव्वाची फुंकणी खुंटीला आणि पैंजणं शेजारच्या चिमणाबाईकडं गेलेली.

"अव्वा, काम का सोडलंस गं?"

"डोळं गेलं की माझं, शश्या. मोबाईलात निस्ता अंधार."

"आणि सांधा?"

"सांधा दिसतोय की. पर मोबाईल कशाला खोटं दावंल? तू शिकलेला, तूच केलायस न्हवं?"

त्यानं मला उचललं आणि त्याचं तोंड उतरलं.

"अव्वा, तुझं डोळं ठणठणीत हायती. ह्योच काळा पडलाय. वाढवायचं बटण का दाबलं न्हाईस?"

"भरल्या घरात दिवा वाढवत्यात व्हय रे, मुडद्या?"

त्यानं बटण दाबलं. मी लखलखलो. शांतव्वा माझ्याकडं बघतच राहिली.

"मग माझ्या रडन्याचं काय?"

शशिधरनं ॲप दुरुस्त केलं, बटणावर 'लख्ख' लिहिलं. शांतव्वानं खुंटीवरची फुंकणी काढली आणि चिमणाबाईच्या दारात जाऊन ओरडली, "दे गं माझी पैंजणं!"

मित्रांनो, म्हातारं माणूस 'मला दिसत नाही' म्हणालं, तर त्याला चष्म्याच्या दुकानात ओढण्याआधी त्याच्या हातातलं यंत्र तपासा. आम्ही चुकतो. आणि चुकलो हे कबूल करायला आम्हाला तोंड नसतं. ते तुम्हाला आहे, तर वापरा.