घाटावरचं फुकटचं नेट

कावळा काही पिंडाला शिवेना.

कुकडी नदीच्या घाटावर अर्धं पिंपळवंडी गाव धर्माजींच्या दहाव्याला जमलं होतं. प्रवचन आटोपलं, श्रद्धांजलीची भाषणं आटोपली. ज्या पुढाऱ्यांना धर्माजी काळा की गोरा हेही ठाऊक नव्हतं, तेसुद्धा गळा काढून बोलले आणि मोटारीत बसून पुढच्या दहाव्याला गेले. मागं राहिली भावकी. पोटचा पोरगा आदेश अमेरिकेत, म्हणून पुतण्या दादाभाऊनं डोकं भादरून पिंड मांडला होता. कावळे करंजाच्या झाडावर बसून नुसते बघत होते.

"नाना, काकूला आमी अंतर देणार न्हाई," दादाभाऊ पिंडापुढं हात जोडून मेलेल्या चुलत्याला म्हणाला.

एक कावळा हलेल तर शपथ.

गेणभाऊ भावकीतले सगळ्यांत थोरले. ऊन चढलं तसे ते वैतागले. "उगा काय बी बोलू नका. धर्माजीचा जीव कशात अडकलाय ते समद्यांला ठावं हाय. आदेशला येतो म्हणू द्या, मग बघा."

धर्माजींच्या बायकोनं, कुशाबाईंनी, पदर पुढं ओढला. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आदेश बघत होताच. दादाभाऊचा पप्पू सकाळपासून मोबाइल उंच धरून त्याला सगळा विधी दाखवत होता. मोबाइल आदेशनंच धाडलेला. समोरचा माणूस त्यात दिसायचा, बोलायचा. दोन हजार नऊ साली असली चीज तालुक्यात एखाद्याकडंच असेल, पण तिला नेट लागायचं. ते गावात कुठलं? घाटाशेजारी नवं रिसॉर्ट झालं होतं, त्याच्या फाटकावर 'मोफत वाय-फाय' अशी पाटी होती. मोफत होतं ते मोटारवाल्यांना. धोतरवाल्याला वॉचमन आत सोडेना. मग घाटाच्या कठड्यापर्यंत नेट पोचतं हे पप्पूनं हुडकून काढलं, आणि दर रविवारी तो म्हातारा-म्हातारीला ट्रिपल सीट घेऊन यायला लागला.

मोबाइल कायम धर्माजींच्याच हातात. शेजारी बसलेल्या कुशाबाईंना उन्हात धड काही दिसायचं नाही, त्या नुसतं ऐकायच्या. पीकपाणी, टोमॅटोचा भाव, म्हशीचं दूध, सगळं बोलणं छान व्हायचं. "कवा येतोस रं?" असं धर्माजींनी विचारलं की मात्र चित्र अडकायचं. पोराचा चेहरा जागच्या जागी थिजायचा.

"फुकटचं नेट, दुसरं काय व्हणार!" म्हणून धर्माजी रिसॉर्टवाल्याला शिव्या घालत घरी यायचे. पोराला त्यांनी कधी बोल लावला नाही. वाट बघत बघतच गेले.

पप्पूनं आता मोबाइल कुशाबाईंच्या हातात दिला. "आजे, तूच बोल."

त्यांनी त्यावर पदराची सावली धरली. "आदेश, ऐकलंस ना बाबा? एकदा येतो म्हण. एवढंच म्हण."

आदेशनं तोंड उघडलं, मिटलं, आणि चित्र अडकलं.

"गेलं नेट!" पप्पू लांबूनच म्हणाला. भावकी चुकचुकली.

कुशाबाई बघत राहिल्या. आदेश हलत नव्हता, पापणीसुद्धा लवत नव्हती. पण त्याच्या पाठीमागच्या दारातून झोपेतून उठलेली एक पोरगी डोळे चोळत आली. तिनं फ्रिज उघडला, उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि परत गेली. फ्रिजचं दार आपसूक मिटलं. आदेश मात्र फोटो काढायला बसल्यासारखा तसाच.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दर रविवारी हेच! कठड्यावर बसलेल्या बापासमोर हा असाच श्वास धरून बसायचा! मेलेल्या बापाला खोटं सांगायला भ्यायला असेल, पण खरं सांगायलाही त्याची जीभ रेटली नाही.

सगळी भावकी त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी मोबाइल पालथा केला.

"व्हय, गेलं," त्या म्हणाल्या. मग पिंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अवो, नेट जायच्या आत बोलला त्यो. चैताच्या जत्रंला येतो म्हणला. आता जावा तुमी."

नवऱ्याशी त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या.

करंजावरून एक कावळा थेट खाली आला आणि भाताचा घास उचलून गेला.

"बघा! मी म्हणलं न्हवतं?" गेणभाऊ खूश झाले. लोक चपला शोधायला लागले. कुशाबाईंना रडू आलं ते रागाचं, आणि राग आला तो नवऱ्याचा. जिवंतपणी फसले ते फसले, मेल्यावर तरी शहाणं व्हायचं होतं!

संध्याकाळी घरच्या साध्या फोनवर आदेशचा फोन आला.

"आई, शिवला का गं कावळा?"

"शिवला."

"काय बोलल्यावर?"

"तू येतो म्हणलास, त्यावर."

"अगं, मी कुठं... माझ्याकडं तर सगळंच अडकलं होतं. ते तिथलं फुकटचं नेट..."

"व्हय रं बाबा," कुशाबाई म्हणाल्या. "तुझी लेक पाणी प्यायला आली व्हती मागं. लई उंच झालीया."