सात नंबरचा सांधा

मित्रांनो, मी खेळण्यातल्या रेल्वेचा एक जुना सांधा आहे. लांबीने जेमतेम वीतभर. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवायची, एवढंच माझं काम. त्यासाठी मला दोन बारीक पाती दिली आहेत. ती एका बाजूला सरकली तर गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला सरकली तर वळते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थाने मला विकत घेतलं आणि आपल्या छोट्या रेल्वेत बसवलं. तो बोटानेच मला सरकवायचा. पुढे त्याची हौस आटली आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, खोक्यात पडून राहिलो. बारा वर्षं मी चाकाचा आवाज ऐकला नाही.

जुन्या बाजारात तो खोका दिपालीला मिळाला आणि तिने मला बाहेर काढलं. ती परळीची, अंबाजोगाईला डिप्लोमा शिकणारी. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ती लाकडी टेबलावर छोटी रेल्वे मांडत होती. तिने माझ्या पोटाखाली मोटर बसवली, हुकूम ओळखणारी एक इवलीशी इलेक्ट्रॉनिक पट्टी जोडली आणि मला सात नंबर दिला. आता मला बोट लागत नव्हतं. दिपालीने मोबाईलवर टिचकी मारली की हुकूम थेट रुळांतून यायचा. टेबलावरचे सगळे सांधे तो ऐकायचे, पण ज्याचा नंबर, त्यानेच हलायचं. सात म्हटलं की मी सरकायचो. या वयात एवढा मान! मी हरखून गेलो.

दिपालीचे आजोबा राधाकिशन परळी स्टेशनावर एकतीस वर्षं सांधेवाले होते. ते रोज स्टूल घेऊन माझ्यापाशी बसायचे. मी सरकलो की वाकून पाहायचे आणि पाती नीट टेकली आहेत असं दिसलं, की जुनी हिरवी झेंडी हलवायचे.

"आवं, पेन्शनीत बी ड्युटी सुटना का तुमची?" छबुबाई आजी स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"सांधा हाय म्हनल्यावर ड्युटी हाय," आजोबा म्हणायचे.

दिपालीला मात्र धास्ती वाटायची. रेल्वेचं इंजिन तिच्या सरांनी विश्वासाने दिलेलं होतं, ओरखडाही न पडता ते परत करायचं होतं. "आबा, बघा, पण हात लावू नका बरं," ती बजावायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती बाजारात गेली, तेव्हा आजोबा माझ्यापाशी आले. स्टेशनात ते रोज सकाळी सांधे पुसून तेल घालायचे. उद्या एवढे लोक बघायला येणार आणि सांधा कोरडा कसा ठेवायचा? त्यांनी आजीच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी आणली आणि माझ्या पात्यांवर चांगले पाच-सहा थेंब तेल सोडलं. त्यात प्रेम होतं हे मला कळत होतं. पण मी लोखंडाचा मोठा सांधा नाही. रुळांच्या कडेला दिपालीने चाळलेली वाळू पसरली होती. टेम्पोतून अंबाजोगाईला पोचेपर्यंत ती वाळू त्या तेलाला चिकटली.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून उज्ज्वला मॅडम आल्या. आजोबाही आले होते, नेहमीसारखे माझ्यापाशी स्टूलावर बसून. टेबलाच्या एका कडेला दिपालीने बांधकाम चालू असलेली नवी लाईन दाखवली होती. तिथला पूल अर्धाच होता, पुढे रूळ नव्हता, खाली थेट फरशी. तिने मला पुलाकडे वळवलं आणि खडीचा छोटा डबा हाताने ढकलून दाखवला.

"आता सांधा सरळ करते, म्हणजे गाडी फलाटावर येईल," ती म्हणाली आणि तिने टिचकी मारली.

हुकूम आला. सात! मी जीव खाऊन जोर लावला. मोटर घुं घुं करू लागली. पण पुलाकडे वळतानाच वाळूचा एक जाड कण माझ्या पात्याशी तेलात रुतून बसला होता. मी केसभरही सरकलो नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मित्रांनो, मला हुकूम ऐकायला कान दिला होता, उत्तर द्यायला तोंड दिलं नव्हतं. मोबाईलवर मी सरळ दिसत होतो. इंजिन निघालं.

"थांबव दिपे! सांधा बसला न्हाई!"

"बसलाय आबा, हे काय दिसतंय की!"

आजोबांनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी रुळावर आपला पंजाच आडवा ठेवला. इंजिन त्यांच्या तळव्याला येऊन टेकलं आणि जागीच चाकं फिरवत राहिलं. दिपालीने घाईने ते बंद केलं.

"आबा, कावून अडवलं? मॅडमसमोर..."

"वाक अन् बघ."

ती वाकली. पाती पुलाकडेच होती. तिचा चेहरा उतरला. "हा सांधाच जुनाट आहे मॅडम. आजच काढून टाकते."

मला खोका आठवला.

आजोबा गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "त्याला नको बोलूस, माय. तू नको म्हनली व्हतीस, तरी तेल म्या घातलं. चूक माझी हाय."

मॅडमनी विचारलं, "मग मोबाईल खोटं बोलला का?"

दिपालीने मोबाईल माझ्याशेजारी धरून पाहिला. "नाही मॅडम. मी जे सांगितलं तेवढंच त्यानं दाखवलं. झालं की नाही, हे विचारायची सोयच मी केली नव्हती."

बक्षीस पाणी मोजणाऱ्या एका यंत्राला मिळालं. इंजिन मात्र ओरखडाही न पडता सरांच्या हाती परत गेलं. मग दिपालीने सरांकडून ते पुन्हा मागून आणलं.

घरी तिने कापसाच्या बोळ्याने माझं तेल पुसलं आणि माझ्या पात्यांना बारीक तारा जोडल्या. आता पाती खरोखर टेकली, तरच टेबलावर हिरवा दिवा लागतो. मला तोंड मिळालं.

मित्रांनो, तुमच्या घरीही मुकाट्याने राबणाऱ्या वस्तू असतील. त्यांना हुकूम देऊन पाठ फिरवू नका. अधूनमधून वाकून त्यांच्याकडे बघा. आणि माया करताना त्यांना काय सोसतं, तेही आधी विचारा.

"आता दिवा सांगतो आबा, तुम्हाला वाकायची गरज नाही," दिपाली म्हणाली होती.

"बरं झालं," आजोबा म्हणाले. दिवा लागला की ते दिव्याकडे बघतात. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, माझ्याकडे वाकतात. दिपाली मोबाईल हातात धरून थांबते. हिरवी झेंडी हलल्याशिवाय ती गाडी सोडत नाही.